लेकीच्या डोळ्याला लावलेला कॅमेरा

परशरामला फोटोग्राफर म्हणून बेळगावात कुणी ओळखत नाही. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तो लेथवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवतो, एवढंच. पण वडगाव ओलांडून पुढं शेतवडीत जे गाव लागतं, तिथं साखरपुडा असो, बारसं असो की नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, "परशाला सांगितलंय न्हवं?" हा प्रश्न भटजीच्याही आधी विचारला जातो. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली जत्रा समिती तापट आहे, आणि तिच्याविषयी दोन शब्द वाकडे लिहायचा माझा विचार आहे.

त्या गावच्या हायस्कुलात मी निम्मं आयुष्य मराठी शिकवण्यात घालवलं. माझं नाव विद्युल्लता. एवढं लांबलचक नाव शाळेत कुणाला परवडत नाही, म्हणून सगळे मला नुसतं बाई म्हणतात. परशरामची एकुलती एक मुलगी रचना माझ्या वर्गात होती. हुशार, चष्मेवाली, आणि मी फळ्यावर काही चुकले तर हात वर करून सांगणारी. असल्या मुली शिक्षकांना आवडतात असं सगळे म्हणतात. मला रचना नव्हती आवडत. पुढं आवडायला लागली.

परशरामचा कॅमेरा कंपनीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा, आत आरसा असलेला. सोबत डब्यातून येते तीच लेन्स आजतागायत त्याला लावलेली आहे. ती रुंद म्हणावी तर खोलीतली सगळी माणसं तिच्यात मावत नाहीत, आणि लांबचं जवळ आणणारी म्हणावी तर नवरीच्या नथीपर्यंत पोचत नाही. पण तो घरात आला त्या दिवशी यशोदाबाईंनी, म्हणजे परशरामच्या बायकोने, त्याला हळदकुंकू लावलं होतं. कुंकवाचा तो डाग बरीच वर्षं फ्लॅशच्या झाकणावर दिसायचा.

कॅमेऱ्याबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. त्यात जगातल्या कितीतरी भाषा होत्या, फक्त मराठी आणि कानडी तेवढ्या नव्हत्या. मग परशराम जेवायला बसला की रचना समोर बसून इंग्रजीतलं एकेक पान वाचायची आणि त्याला समजावून सांगायची. वरच्या चकतीवर हिरवा चौकोन आहे, तिथं ठेवलं की सगळा विचार कॅमेरा करतो, आपण नुसतं दाबायचं. डोंगराचं चित्र आहे ते लांबच्या देखाव्याला, पळणाऱ्या माणसाचं आहे ते शर्यतीच्या बैलांना. उजेड कमी पडला तर आयएसओचा आकडा वाढवायचा, पण फार वाढवला तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. बटण अर्धं दाबलं की कॅमेरा टिट करतो, त्याचा अर्थ नजर लागली, आता पूर्ण दाबा.

परशराम ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत हिरव्या चौकोनावर यायचा. रचना मात्र महिन्याभरात त्या चौकोनाच्या बाहेर पडली ती पडलीच. लेन्सचं तोंड किती उघडायचं, पडदा किती वेगानं पाडायचा, हे ती स्वतः ठरवायला लागली. कॉलेज वडगावच्या वाटेवर होतं, आणि संध्याकाळी ती मागकऱ्यांच्या घरांत शिरून फिरत्या यंत्रमागाचे फोटो काढायची. सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा कधी जागच्या जागी थिजलेला, कधी धुराच्या रेघेसारखा. मला आणून दाखवायची. मी म्हणायचे, अभ्यास कर.

लग्नकार्यात मग बाप आणि लेक जोडीनं जायला लागले. कॅमेरा एकच, पण त्यामुळे अडत नसे. नवरीला चुडा भरताना, हळद लावताना, बायकांच्या खोलीत कॅमेरा रचनाच्या हातात असे. तिथं बाप्या फोटोग्राफर नकोच असतो. नवरी मांडवात आली की कॅमेरा परशरामकडे. आमच्या भागात त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे अशी सोय नव्हती, आणि घरोघरच्या आयांना ती फार पसंत पडली. रचनाने काढलेल्या फोटोंत बायका हसत असत. परशरामच्या फोटोंत त्या ताठ उभ्या असत.

आता त्या निपाणीच्या लग्नाचं सांगते. त्याच्यावरून गाव अजून परशरामला चिडवतं.

कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. नवरीची तयारी झाली, रचना खोलीतून धावत आली आणि ऐन अक्षतांच्या वेळी बापाच्या हातात कॅमेरा देऊन गेली. परशरामने डोळा लावला तर आत सगळं धुकं. नवरा धुकं, नवरी धुकं, भटजीच्या जागी नुसता एक पांढरा ठिपका. त्याला वाटलं खोलीतल्या धुपानं काच भरली. रुमालानं पुसली, फुंकर मारली, काही उपयोग नाही. कॅमेरा बिचारा टिट टिट करून सांगत होता की मला नीट दिसतंय, तू दाब. पण परशरामचा विश्वास स्वतःच्या डोळ्यावर. त्याने लेन्सवरचा खटका सरकवून कॅमेऱ्याची आपोआप नजर बंदच केली आणि पुढची कडी हातानं फिरवत बसला. कितीही फिरवली तरी आतलं धुकं हटेना. शेवटी अंदाजानं सगळ्या अक्षता काढल्या.

फोटो आले. रचनाचे आरशासारखे स्वच्छ, आणि परशरामचे, ज्यात साक्षात लग्न लागत होतं ते, सगळेच्या सगळे पुसट. नवरीच्या बापानं काय काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. कॅमेरा बिघडला म्हणून बापलेक बेळगावच्या दुकानात गेले. दुकानदाराने डोळा लावायच्या खिडकीशेजारचं हरभऱ्याएवढं चाक नखानं जरा फिरवलं आणि कॅमेरा परत दिला. बिघडलं काहीच नव्हतं. रचनाला लांबचं दिसत नाही, चष्मा काचेवर आपटतो म्हणून ती तो काढून ठेवायची, आणि पुस्तकात वाचून तिने ते चाक आपल्या नंबरला लावून घेतलं होतं. ते चाक बघणाऱ्याच्या डोळ्यापुरतं असतं. फोटोला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. परशरामने कॅमेऱ्याला त्याच्या वाटेनं जाऊ दिलं असतं तर अक्षता उत्तम आल्या असत्या. मधे हात घातला आणि वाटोळं केलं.

तेव्हापासून त्यांचा एक खेळच झाला. कॅमेरा हातात आला की आधी चाक फिरवायचं. तो म्हणायचा, "दिलास परत तुझ्या डोळ्याचा करून." ती म्हणायची, "तुमचा डोळा म्हातारा झालाय आप्पा, माझ्या चाकाला का नावं ठेवताय." भर मांडवात, पाहुण्यांसमोर. बघणाऱ्याला भांडण वाटावं. मी एकदा जवळून बघितलं आहे. बाप लेकीवर इतका खूश असलेला मी दुसरा बघितला नाही.

आणि मग रचनाने लग्न केलं.

मुलगा सदलग्याचा, नागेंद्र. लग्नांतून व्हिडिओ शूटिंग करायचा. पोरगा वाईट नाही, घर शेतीवाडीचं, जातीचा म्हणाल तर तोही प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की परशरामला कुणी विचारलं नाही. चिकोडीला रजिस्टर लग्न करून दोघं पाया पडायला आली आणि परशराम मागच्या दाराने शेताकडे निघून गेला. रचनाने आधी का सांगितलं नाही, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर आप्पांनी कॅमेरा हातातून काढून घेतला असता, मग कामच थांबलं असतं. बाप काय म्हणेल यापेक्षा जोडी मोडेल याची तिला भीती. जोडी मोडलीच.

त्या दिवसांत परशराम जुने फोटो काढून बघत बसायचा. त्या स्वस्तातल्या कॅमेऱ्याची एक खोड आहे. खिडकीतून दिसतं त्यापेक्षा फोटोत चारी कडांनी जरासं जास्त येतं. एरवी ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण परशरामने स्वतः काढलेल्या लग्नांच्या फोटोंत, अगदी कडेला, कधी अर्धा खांदा, कधी कोपर, कधी निळ्या शर्टाची बाही. सगळीकडे नागेंद्र. परशराम मला म्हणाला, "मी बघत हुतो तवा ह्यो कुठंच नव्हता बाई. फोटोत हाय." मी हसले. तो हसला नाही, आणि मग मलाही आपलं हसणं बरं वाटेना.

यशोदाबाई दुपारी, नवरा कामावर असताना, लेकीला रोज फोन करायच्या. ते परशरामला माहीत होतं. त्याला माहीत आहे हे यशोदाबाईंना माहीत होतं. तो कधी विचारायचा नाही, पण संध्याकाळी जेवताना ताट पुढं ओढून जरा थांबायचा. मग यशोदाबाई भिंतीकडे बघून बोलल्यासारखं सांगायच्या, सदलग्याला म्हणे यंदा ऊस चांगला आहे. ते ऐकलं की तो जेवायला लागायचा.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो फोटो काढायला यायचा. त्या वर्षी बक्षीस समारंभ संपला, मी त्याला चहा दिला, आणि सहज विचारलं की एकट्याला जमतं का सगळं. तो कॅमेरा मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "जमतंय की. चाक बी फिरवायला लागत न्हाय आता. उचललं की सोच्छ दिसतंय." आणि चहा तसाच ठेवून उठला. ज्या दिवशी कॅमेऱ्यातून पहिल्याच नजरेला स्वच्छ दिसतं, त्या दिवशी पोरगी नाही हे परत कळतं. रोज कळतं. मी वर्गात जाऊन उगीचच एका पोराला रागावले.

अशी चार वर्षं गेली आणि गावची लक्ष्मीची जत्रा ठरली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या बाजूला गावोगावची ही जत्रा दरवर्षी होत नाही. या गावात ती बावीस वर्षांनी होत होती. घरं रंगतात, पाहुण्यांनी गल्ल्या फुलून जातात, देवीला खेळवत नेतात, भंडाऱ्यानं सगळा गाव पिवळा होतो. शेवटच्या दिवशी देवी गावच्या सीमेला जाते, आणि मग पुढची जत्रा ज्याच्या नशिबात असेल त्याने बघायची. या जत्रेला गावची प्रत्येक लेक माहेरी आलीच पाहिजे. म्हातारी असो, आजी झालेली असो. मात्र आवतण फोनवरून चालत नाही. माहेरच्या माणसानं नारळ आणि कुंकू घेऊन तिच्या दारात जायचं आणि तोंडानं सांगायचं, जत्रेला ये. तसं कुणी सांगितल्याशिवाय लेक येत नाही. बिनआवतणाची आली तर माहेराला कमीपणा.

समितीचे अध्यक्ष आण्णाप्पा. यांनी जत्रेच्या फोटोंचं काम परशरामला दिलं आणि वर हुकूम सोडला की प्रत्येक घरच्या माहेरवाशिणींना त्यांच्या दारात उभं करून फोटो काढायचा, पुढच्या बावीस वर्षांसाठी. कल्पना चांगली होती. पण गावात ज्याच्या घरी लेक येणार की नाही याचा पत्ता नाही, त्याच माणसाला हे काम सांगताना आण्णाप्पांना काही वाटलं नाही. अध्यक्ष झालं की माणसाचं असंच होतं.

जत्रा महिन्यावर आली तेव्हा परशराम एका रविवारी मोटारसायकल काढून सदलग्याला गेला. यशोदाबाईंनी देवापुढं दिवा लावला. संध्याकाळी तो आला आणि तसाच झोपला. काय झालं ते मला रचनाकडून फोनवर कळलं.

तो गेला होता, अंगणात बसला होता, पाणी प्याला होता. पण हातात नारळ नव्हता. त्याने तिला सांगितलं की ओटी भरायला बायकांची रीघ लागणार, तिथं दोराच्या आत बाप्याला सोडत नाहीत, तर तेवढ्या कामाला तू ये, हजेरी, म्हणजे दिवसाचा रोज, देतो. लेकीला बोलवायला गेलेला माणूस फोटोवालीला बोलावून आला. त्याला वाटलं, हे म्हणणं सोपं आहे. कामाच्या निमित्ताने पोरगी येईल, मान कुणाचीच खाली जाणार नाही.

रचनाने त्याला उत्तर दिलं, "फोटोवाली पायजे आसंल तर दुसरी बघा आप्पा. लेक पायजे आसंल तर आवतण द्या."

त्याने पाण्याचा तांब्या जागेवर ठेवला आणि उठून आला.

फोनवर मी रचनाला म्हटलं, अगं, तू तरी समजून घे, त्याला बोलता येत नाही. ती म्हणाली, बाई, चार वर्षं मी रोज समजूनच घेतेय. मला एकदा कुणीतरी बोलवायला पाहिजे. आणि तिने फोन ठेवला.  वर्गात हात वर करून माझी चूक सांगणारी पोर, या वेळीही बरोबरच होती.

जत्रा आली. मी रजा टाकून शेवटच्या दिवशी माझी जुनी गाडी घेऊन सकाळीच गावात गेले. शाळेत शिकलेल्या सगळ्या मुली आलेल्या, कडेवर पोरं, अंगभर भंडारा. सगळ्या गळ्यात पडतात आणि विचारतात, बाई, रचना दिसत न्हाय? मी म्हणायचे, असेल इथंच.

परशरामने कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली होती, लेन्सपुरतं भोक पाडून, रबर लावून. खालच्या मॉडेलला धुळीपासून काही बचाव नसतो. तरी भंडारा आत शिरलाच होता, आणि लेन्सची कडी फिरवली की दाताखाली खडा यावा तशी करकर वाजत होती. तो घरोघरी जात होता. दारात लेकी ओळीनं उभ्या राहायच्या, मधे आई, कुठं बाप. तो एक गुडघा टेकायचा, टिट वाजलं की दाबायचा, आणि पुढच्या दारात. गल्लीच्या शेवटाकडे त्याचं स्वतःचं घर आलं. उंबऱ्यात यशोदाबाई नव्या लुगड्यात एकट्या उभ्या होत्या. तो तिथं थांबला, त्यांच्याकडे बघितलं, आणि कॅमेरा न उचलता शेजारच्या दारात गेला. यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

दुपारी देवळामागच्या सावलीत तो बसलेला मला सापडला. जेवला नव्हता. मी शेजारी बसले. म्हटलं, बघू तरी तुमच्या कॅमेऱ्यातून गाव कसं दिसतं. त्याने गळ्यातून काढून दिला.

मी डोळा लावला. काही दिसेना. देऊळ म्हणजे एक भगवा डाग, माणसं म्हणजे पिवळी वाफ. मला वाटलं भंडाऱ्यानं काच भरली. मी दचकून म्हटलं, अहो, हा तर बिघडलाय, सकाळपासूनचे सगळे फोटो गेले की काय.

"फोटो चांगलं येत्यात," परशराम म्हणाला. "टिट वाजल्यावर मी दाबतोय. चाक तेवढं रचनाच्या नंबरवर हाय."

मला आधी नीट कळलं नाही. मी विचारलं, का?

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. मग म्हणाला, "आसं ठेवलं की वाटतंय, आत्ताच तिनं हातातनं दिलाय. जत्राभर तसंच ठेवलंय."

म्हणजे हा माणूस बावीस वर्षांनी आलेली जत्रा न बघताच काढत होता. गावभरच्या लेकी त्याच्यासमोर उभ्या राहून गेल्या आणि त्याने एकीचंही तोंड बघितलं नव्हतं. नुसतं धुकं बघत होता, कारण त्या धुक्यात त्याची पोरगी होती.  मला वाईट वाटलं की राग येतो, हा माझा जुना आजार आहे.

मी उठून उभी राहिले आणि त्याला झापलं. वर्गात झापते तसं, देवळामागं, चार माणसांच्या देखत. म्हटलं, एवढी आठवण येते तर ती तुझ्या काचेला कशाला सांगतोस? काचेला कान आहेत? जिला सांगायचं तिला जाऊन हजेरी देतो म्हणतोस? इतकी वर्षं अहोजाहो करत आले होते, ते सगळं विसरून मी अरेतुरेवर आले. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आता काय उपेग बाई. सांजंला देवी सीमेला जाणार."

"जाऊ दे देवीला. तू सदलग्याला चल."

तो उठला. आण्णाप्पा मानाचा फेटा बांधून देवीपुढं उभे होते. परशराम गर्दीतून वाट काढत गेला, त्याने कॅमेरा स्वतःच्या गळ्यातून काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि चकती फिरवून हिरव्या चौकोनावर आणली. सांगितलं की नुसतं दाबायचं, बाकी त्यो बघंल. आण्णाप्पांना वाटलं हा मुतारीकडे चाललाय. आम्ही गाडीत बसून वेस ओलांडली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण परशरामचा फोन वाजायला लागला आणि संकेश्वर येईपर्यंत वाजत राहिला. त्याने तो उचलला नाही. पुढं समितीने त्याच्याशी कित्येक महिने अबोला धरला. आण्णाप्पांनी त्या दिवशी काढलेल्या फोटोंत निम्म्यांत देवीचा मुकुट नाही, पण ते लोक अजून दोष परशरामलाच देतात.

चिकोडीत मी गाडी थांबवली. तो दुकानात जाऊन नारळ आणि कुंकवाची पुडी घेऊन आला. नारळ कानाजवळ हलवून बघत बसला, आत पाणी आहे की नाही. मी विचारलं, काय म्हणणार ते ठरवलंत का? राग उतरल्यामुळे मी परत अहोजाहोवर आले होते. तो म्हणाला, न्हाय. सदलगा येईपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. 

पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. रचना अंगणातले वाळत टाकलेले कपडे काढत होती. बाप डोक्यापासून पायापर्यंत भंडाऱ्यानं पिवळा, मागं मी. तिच्या हातातले कपडे खाली पडले. तिने विचारलं, आईला काय झालं?

"आई बरी हाय," परशराम म्हणाला. नागेंद्र आतून आला, कुणाच्या पाया आधी पडावं हे न कळून दारातच थबकला. परशरामने नारळ दोन्ही हातांत धरला होता. रचनाने तो बघितला. मग आभाळाकडे बघितलं. उजेड जवळजवळ गेला होता.

"देवी गेली आसंल की आप्पा सीमेला," ती म्हणाली. "आता कशाचं आवतण?"

मला वाटलं, संपलं. आता हा वळणार आणि गाडीत येऊन बसणार. पण तो वळला नाही. त्याने आधी नागेंद्रकडे बघितलं, पावनं, तुमास्नी बी सांगतोय, असं म्हणाला. मग लेकीकडे बघून, एकेक शब्द ओझ्यासारखा उचलत बोलला.

"पुढल्या जत्रंचं हाय. बावीस वरसांनी. तवा मी नसन, आनि माझ्याबिगार तुला दुसरं कोन बोलवायला येनार न्हाय. म्हनून आत्ताच द्यायला आलोय. लेक हाईस घरची. ये."

 रचनाने चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, चष्मा परत घातला आणि बापाकडे नीट बघितलं. कुंकवाची पुडी त्याच्या हातून सुटेना. तिने ती स्वतः उघडली, बोटावर कुंकू घेऊन कपाळाला लावलं, आणि नारळ ओच्यात घेतला.

"तवर कोन थांबतंय," ती म्हणाली आणि आत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. नागेंद्र तिच्या मागं धावला.

परशराम अंगणात उभाच होता. जरा वेळाने तो माझ्याजवळ आला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "बाई, गाडीत मागं दोघं बसत्यात न्हवं?"

"बसतात," मी म्हटलं.